मद्याचा अंमल आणि मेंदूतील कॅल्शियमचे दरवाजे

बेटवा आणि पहूज या दोन नद्यांच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात झाशी वसलेली आहे. बुंदेलखंडाच्या या भागात चैत्राच्या सुमारास मोहाची झाडे फुलतात. पहाटेच्या वेळी गळून पडलेली रसाळ फुले वेचावयाची, उन्हात वाळवावयाची, वर्षभर पुरवून खावयाची, जनावरांना घालावयाची आणि उरतील त्यांची दारू गाळावयाची, हा क्रम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या किंवा ठाण्याच्या डोंगराळ भागातील वाचकास तो वेगळा सांगण्याचे कारण नाही. फुलातील साखरेपासून किण्व जे द्रव्य तयार करतात ते इथिल अल्कोहोल होय. मोहाच्या दारूत, ताडीत आणि परदेशी बाटलीत नशा आणणारा रेणू हा एकच. दोन कार्बन अणूंचा हा चिमुकला रेणू पाण्यात विरघळतो, स्निग्ध पदार्थांतही शिरतो आणि पोटात गेल्यावर थोड्याच वेळात मेंदूत पोचतो. तेथे तो नेमके काय करतो, आणि हृदयविकार व रक्तदाब यांसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या त्याच्या या कार्यात कसा बदल घडवून आणतात, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

विषय प्रयोगशाळेतला वाटतो. पण त्याचे मूळ रुग्णालयाच्या खाटेशी आहे. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६८ साली झाली, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतील रुग्ण मोठ्या उपचारांसाठी तेथे येऊ लागले. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयातील परिचारिकेस पुढील प्रसंग अपरिचित नसतो. पाय मोडलेला एक मध्यमवयीन माणूस दाखल होतो. हाड बसवले जाते, प्लास्टर घातले जाते. तो रोज पितो, हे कोणी विचारलेले नसते आणि नातेवाइकांनी संकोचामुळे सांगितलेले नसते. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला अपस्मारासारखा झटका येतो. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे चालताना दिसू लागतात. आपण कोठे आहोत हे त्याला कळत नाही आणि मोडलेल्या पायाने तो खाटेवरून उतरू पाहतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर असा रुग्ण दगावूही शकतो, आणि ते मोडलेल्या हाडामुळे नव्हे.

यातील कोडे असे की, झटका येतो त्या वेळी त्याच्या रक्तात मद्याचा अंशही उरलेला नसतो. विष निघून गेल्यावर शरीर सावरावे, ही साधी अपेक्षा. येथे तर विष निघून गेल्यामुळेच मेंदू बिथरतो.

मद्यामुळे होणाऱ्या विकारांची आपल्याकडील नोंद जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर एक संपूर्ण अध्याय आहे. त्यात मदाच्या चढत्या अवस्था वर्णिलेल्या आहेत, आणि पिणे थांबवून पुन्हा एकाएकी अति प्यायल्याने होणाऱ्या विकारांना निराळी नावेही दिलेली आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका प्रश्नाविषयी मतभेद होता. मद्यप्यांचे झटके आणि उन्माद हे उपासमारीमुळे व जीवनसत्त्वांच्या अभावामुळे होतात, असे अनेकांचे मत होते; कारण मद्यपी बहुधा कुपोषित असतात. अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इझ्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा निकाल लावला. त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पूर्वी अफूजन्य द्रव्यांचे व्यसन असलेल्या १० पुरुषांना कित्येक आठवडे भरपूर मद्य देण्यात आले. त्याचबरोबर त्यांना पोषक आहार आणि जीवनसत्त्वेही मिळतील याची काळजी घेण्यात आली. मग मद्य एकाएकी बंद केले. जे दीर्घकाळ प्यायले होते त्यांच्यापैकी काहींना झटके आले, काहींना उन्माद झाला. कारण उपासमार नव्हे, मद्य थांबणे हेच होते. आज असा प्रयोग करण्यास कोणतीही नैतिक समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यातून निघालेले ज्ञान पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरले.

मेंदूवरील मद्याचा परिणाम केवळ वागणुकीतून नव्हे, तर विद्युत्-आलेखातूनही दिसतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींविषयीचा आपला पहिला लेख १९२९ साली प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जागृत माणसाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ या गतीच्या लहरी उठतात; त्यांना त्यांनी अल्फा हे नाव दिले. मद्य घेतल्यावर या लहरी मंदावतात, आणि मात्रा वाढत गेली तसतशा त्यांहूनही संथ लहरी आलेखात दिसू लागतात. पिणाऱ्यास आपण उत्साही झालो आहोत असे वाटत असते. आलेख मात्र ग्लानी दाखवीत असतो. दीर्घकाळ पिणाऱ्याचे मद्य तुटले की चित्र उलटते. मेंदू किरकोळ उत्तेजनालाही अवाजवी प्रतिसाद देऊ लागतो. काही रुग्णांच्या डोळ्यांसमोर प्रकाशाची उघडझाप केली तर तेवढ्यानेही स्नायूंना हिसके बसतात. स्वप्नांची झोप, जी मद्यामुळे दबलेली असते, ती व्याजासह परत येते. रुग्णाच्या भयानक स्वप्नांचा आणि पुढील भ्रमांचा तिच्याशी संबंध असावा, असे मानण्यास जागा आहे.

ही उलथापालथ समजण्यासाठी काही काळ मद्य बाजूला ठेवून कॅल्शियमकडे वळावे लागते.

कॅल्शियम म्हटले की हाडे, दात आणि दूध आठवते. शरीरातील बहुतेक सर्व कॅल्शियम हाडांतच असते, हेही खरे. परंतु जो अत्यल्प भाग रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात विरघळलेला असतो त्याच्यावाचून हृदयाचा एक ठोकाही पडू शकत नाही. हा शोध लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना अपघाताने लागला. बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्यात त्यांना यश आले होते. पुढे असे ध्यानात आले की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साध्या नळाच्या पाण्यात बनविले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थंडावू लागले. नळाच्या पाण्यात जे होते आणि शुद्ध पाण्यात नव्हते ते कॅल्शियम होते. रिंगर यांनी ही हकीकत १८८३ साली प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या नावाचे द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरले जाते.

चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक असते. धरणाच्या भिंतीमागे पाणी साठावे तसे हे कॅल्शियम पेशीच्या पटलाबाहेर दबा धरून असते. पटलात प्रथिनांचे सूक्ष्म दरवाजे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना चॅनेल म्हणतात, मराठीत कॅल्शियम-मार्ग म्हणता येईल. पेशीचा विद्युत्-दाब बदलला की दरवाजा उघडतो, सेकंदाच्या अल्पशा भागात कॅल्शियम आत घुसते आणि दरवाजा मिटतो. चेतातंतूच्या टोकाशी हे घडले की तेथे साठविलेली रासायनिक द्रव्ये बाहेर सोडली जातात व पुढील पेशीला संदेश पोचतो. बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्दो मिलेदी यांनी १९६०च्या दशकात हे कॅल्शियमचे कार्य प्रयोगांनी स्पष्ट केले. तात्पर्य, मेंदूतील एका पेशीने दुसरीशी बोलावयाचे झाल्यास मध्ये कॅल्शियमचा दरवाजा उघडावा लागतो.

हे दरवाजे एकाच जातीचे नाहीत. त्यांचे एल, एन, टी इत्यादी प्रकार मानतात. दीर्घकाळ उघडे राहणारे ते एल; क्षणभर उघडणारे ते टी. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत एल जातीचे दरवाजे विपुल आहेत, आणि तेच दरवाजे चेतापेशींतही आहेत. पुढील सर्व कथा या एका योगायोगावर उभी आहे.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांना १९६४ साली असे आढळले की वेरापामिलसारखी काही औषधे हृदयाच्या स्नायूवर जो परिणाम करतात तो कॅल्शियम काढून घेतल्यावर होणाऱ्या परिणामासारखाच असतो. आणि कॅल्शियम वाढविले की तो परिणाम नाहीसा होतो. यातून कॅल्शियमविरोधी औषधांची कल्पना पुढे आली. पुढे निफेडिपिन आले, डिल्टियाझेम आले, निमोडिपिन व नायट्रेंडिपिन आले. आज भारतातील कोणत्याही गावच्या औषधाच्या दुकानात मिळणारी अॅम्लोडिपिनची लहानशी पांढरी गोळी याच कुळातील होय. एल जातीचा दरवाजा अडवून ही औषधे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतात आणि रक्तदाब उतरवितात. येथे त्यांना मार्गरोधक औषधे म्हटले आहे.

आता मद्याकडे परत यावयास हरकत नाही. मद्यही या दरवाजांना अडविते, आणि याचा एक पुरावा प्रत्येक पिणाऱ्याच्या अनुभवात आहे. मद्य घेतल्यावर वारंवार लघवीस जावे लागते, आणि ते केवळ प्यालेल्या पाण्यामुळे नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागात जी चेताग्रे येतात ती एक संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देते. अमेरिकेतील संशोधकांनी १९९१ साली दाखविले की मद्यामुळे या चेताग्रांतील कॅल्शियमचा प्रवाह घटतो व संप्रेरक कमी सुटते. आज्ञा न मिळाल्याने मूत्रपिंडे पाणी सोडून देतात. रात्री पिणाऱ्याचा घसा सकाळी कोरडा का पडतो, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

मद्य केवळ कॅल्शियमच्या दरवाजांवर काम करते असे मात्र समजू नये. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या द्रव्याचा प्रभाव ते वाढविते, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा प्रभाव रोखते, आणखीही पुष्कळ ठिकाणी ढवळाढवळ करते. एकाच किल्लीने सर्व कुलपे उघडल्याचा दावा या क्षेत्रात अनेकदा झाला आणि प्रत्येक वेळी तो मागे घ्यावा लागला. तथापि ज्या शांत करणाऱ्या व उत्तेजित करणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आला ती सुटण्यासाठीही कॅल्शियमच लागते. म्हणून हा धागा हाती धरणे सयुक्तिक ठरते.

रोज मद्य मिळणारी चेतापेशी दडपणाखाली असते. तिचे दरवाजे पुरेसे उघडत नाहीत. पेशी मात्र निष्क्रिय बसून राहत नाही. ती आपल्या पटलात अधिक दरवाजे बसवू लागते. अमेरिकेत रॉबर्ट मेसिंग, इव्हान डायमंड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली काचपात्रात वाढविलेल्या पेशी काही दिवस मद्यात ठेवून असे दाखविले की त्यांतील कॅल्शियम-मार्गांची संख्या वाढते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये हिलरी लिटल, डोलिन आणि हॅल्सी यांचे काम चालू होते. मद्याची सवय लावलेल्या उंदरांच्या मेंदूतही मार्गरोधक औषध जेथे चिकटते त्या जागा वाढलेल्या आढळल्या. मद्य आहे तोवर हा वाढीव भरणा उपयोगी पडतो. दडपण आणि भरपाई यांचा मेळ बसतो आणि माणूस पुष्कळ पिऊनही सरळ चालतो. यालाच लोक 'पचते' असे म्हणतात. वास्तविक पचनाचा येथे फारसा संबंध नाही. मग एके दिवशी पाय मोडतो, मद्य बंद होते. दडपण उठते आणि जास्तीचे सर्व दरवाजे एकदम मोकळे होतात.

कल्पना पटण्याजोगी होती, पण तिची परीक्षा कशी करावयाची? लिटल आणि सहकाऱ्यांनी सरळ मार्ग घेतला. दरवाजे वाढल्यामुळे झटके येत असतील, तर दरवाजे अडविल्याने ते थांबले पाहिजेत. मद्याची सवय लावलेल्या उंदरांचे मद्य तोडल्यावर ते मोठ्या आवाजानेही झटके येऊन पडतात आणि त्यांपैकी काही मरतात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नायट्रेंडिपिन व निमोडिपिन या औषधांनी उंदरांचे हे झटके आणि मृत्यू टळले. पुढे आणखी काटेकोर कसोट्या लावण्यात आल्या. बे-के-८६४४ नावाचे एक द्रव्य याच दरवाजावर बसते, पण तो अडविण्याऐवजी अधिक वेळ उघडा ठेवते. त्याने मद्य तुटल्याची लक्षणे बळावली. मायल्स व्हिटिंग्टन आणि लिटल यांनी मद्य तोडलेल्या उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचे पातळ काप घेऊन ते द्रावणात जिवंत ठेवले. उंदराच्या शरीरापासून सुटलेल्या त्या कापातही काही तासांनी अतिउत्तेजनेचे विद्युत्-संकेत दिसू लागले, आणि तेथेही मार्गरोधकांनी ती उत्तेजना घटली. म्हणजे रक्तदाब उतरल्यामुळे उंदीर वाचला, हा आक्षेप टिकत नाही. कापाला रक्तदाब नसतोच.

येथवरची कथा ऐकून कोणासही वाटेल की अशा रुग्णास रक्तदाबाची गोळी द्यावी, म्हणजे झाले. वैद्यकाने तसे केले नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. उंदरांना वाचविण्यासाठी जी मात्रा लागली ती माणसाच्या रक्तदाबासाठी लागणाऱ्या मात्रेच्या, वजनाच्या हिशेबाने, कितीतरी पट होती. एवढे औषध माणसाला दिले तर मेंदू शांत होण्यापूर्वी रक्तदाब कोसळेल. या कुळातील अनेक औषधे रक्तवाहिन्यांत जितकी सहज काम करतात तितकी मेंदूत करीत नाहीत. काहींचा तर मेंदूत शिरकावही फारसा होत नाही. शिवाय चिकित्सकाच्या हाती आधीपासूनच एक खात्रीचे साधन होते. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत ५३७ रुग्णांवर झालेल्या व १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरडायाझेपॉक्साइडने झटके व उन्माद या दोहोंचे प्रमाण इतर औषधांच्या मानाने कमी राहते, असे दिसून आले होते. डायाझेपाम आणि लोराझेपाम ही त्याच गटातील औषधे आजही अशा रुग्णाचा मुख्य आधार आहेत. जोडीला थायमिन हे जीवनसत्त्व दिले जाते.

याच संशोधनाची दुसरी बाजू अधिक जवळची आणि कमी बोलली जाणारी आहे. मद्य तुटल्यावर मेंदूला सावरणारे औषध मद्य चढलेले असताना काय करते? उत्तर उलट आहे. डोलिन आणि लिटल यांनाच १९८६ साली आढळले होते की मार्गरोधकांमुळे उंदरांतील गुंगी आणणाऱ्या द्रव्यांचा प्रभाव वाढतो. जी दिशा मद्याची, तीच या औषधाची. दोघांनी मिळून दरवाजे अडविले की गुंगी अधिक गडद होते. पेशींनी दरवाजे वाढविले आणि मद्य नाहीसे झाले, की त्याच औषधाने अतिरेक आवरला जातो. औषध बदललेले नसते, त्याच्यासमोरचा मेंदू बदललेला असतो.

माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत; काहींत फरक दिसला, काहींत नाही. त्यांपैकी एक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना काही दिवस वेरापामिल देऊन मग मद्य देण्यात आले. त्यांच्या रक्तातील मद्याची कमाल पातळी सुमारे १७ टक्क्यांनी वाढली, मद्य शरीराबाहेर जाण्यास अधिक वेळ लागला आणि नशेची जाणीवही लांबली. हा परिणाम मेंदूतील दरवाजांचा नसून मद्याचा निचरा करणाऱ्या यंत्रणेतील अडथळ्याचा होता. एकाच गोळीचे मद्याशी असे दोन ठिकाणी नाते असू शकते, हे यावरून दिसते. याखेरीज मद्य आणि ही औषधे दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. सायंकाळी दोन पेले घेऊन खाटेवरून एकदम उठणाऱ्या वृद्धास घेरी येते ती पुष्कळदा यामुळे. रक्तदाबाची गोळी सुरू करताना पिण्याविषयी विचारावयाचे ते एवढ्यासाठी. अर्थात पिणाऱ्यानेही भीतीपोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. विचार करावयाचा तो पिण्याचा.

आणखी एक गोष्ट चिकित्सकांच्या ध्यानात आली आहे. मद्य सोडण्याचा प्रत्येक फसलेला प्रयत्न पुढचा प्रयत्न अधिक धोक्याचा करतो. बॅलेंजर आणि पोस्ट यांनी १९७८ साली मांडलेल्या विचारानुसार वारंवार तुटलेले मद्य मेंदूला झटक्यांकडे अधिकाधिक झुकवीत जाते. घरचे लोक शपथ घालून, देवासमोर उभे करून किंवा खोलीत कोंडून एखाद्याची दारू एका दिवसात सोडवू पाहतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसाचे मद्य वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी तोडणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. शेवटचा घोट घेतल्यापासून साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटक्यांचा आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उन्मादाचा धोका अधिक असतो. शेवटचे मद्य केव्हा घेतले, हा प्रश्न दाखल करतानाच विचारावयास हवा, आणि नातेवाइकांनी त्याचे खरे उत्तर द्यावयास हवे.

संशोधकांनी कॅल्शियमच्या दरवाजाचा नाद सोडलेला नाही. त्यांनी दरवाजाच बदलून पाहिला. २००४ साली मेसिंग यांच्या गटाने जनुकीय बदलामुळे एन जातीचे मार्ग नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे उंदीर इतरांपेक्षा कमी मद्य पितात असे आढळले. दुसरे उदाहरण गाबापेंटिनचे. अपस्मारासाठी तयार झालेले हे औषध गाबासाठी योजले होते. १९९६ साली असे उघड झाले की ते चिकटते ते कॅल्शियम-मार्गाच्याच एका साहाय्यक भागास. कॅलिफोर्नियात बार्बरा मेसन आणि सहकारी यांनी मद्याच्या आहारी गेलेल्या १५० लोकांवर १२ आठवड्यांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. गाबापेंटिन घेणाऱ्यांत मद्य पूर्णपणे सोडणाऱ्यांचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक होते, आणि त्यांची झोप व पिण्याची ओढ यांतही सुधारणा दिसली. मात्र या औषधाचाही गैरवापर होतो, आणि अफूजन्य औषधांबरोबर किंवा मद्याबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. यास्तव ते वैद्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेतच घ्यावयाचे असते.